चौकटी कोण भरते?

बिबवेवाडीतल्या एखाद्या दुकानात, बँकेत किंवा शाळेच्या कार्यालयात आपण संगणकासमोर बसलो आहोत. पडद्यावर एक अर्ज उघडलेला आहे. नाव लिहिले, घर क्रमांक लिहिला आणि पिनकोडच्या चौकटीत ४११०३७ हे सहा आकडे टाकले. पुढे सरकण्यासाठी टॅबची कळ दाबली, तर जिल्हा आणि राज्य या दोन्ही चौकटी भरलेल्या! एकात 'पुणे', दुसऱ्यात 'महाराष्ट्र'. आपण तर त्यांना हातही लावला नव्हता.

पहिल्या वेळी याचे थोडे नवल वाटते. दहाव्या वेळी वाटत नाही, आणि शंभराव्या वेळी आपण त्या चौकटींकडे पाहतसुद्धा नाही. हे न पाहणे कधी कधी महागात पडते. ते कसे, हे आम्ही स्वतःच्या अनुभवावरून पुढे सांगणारच आहोत. आधी या चौकटी भरतात कशा ते पाहू.

आम्ही व्यवसायाने संगणकतज्ज्ञ नव्हे. आमचे काम प्रयोगशाळेतले. पण हल्ली रसायने मागवायची, उपकरण दुरुस्तीला पाठवायचे, विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती नोंदवायची, तर वाट अशा अर्जातूनच जाते. शिक्षकांना तर हे सांगायलाच नको. शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक टाकून उघडणारे किती तक्ते त्यांनी आजवर भरले असतील, त्याचा हिशेब त्यांचा त्यांनाच ठाऊक.

घंटा आणि शिपाई

शाळेतल्या घंटेपासून सुरुवात करू. घंटा झाली की मुले वर्गात जातात, शिपाई फाटक लावतो, शिक्षक हजेरीपट उचलतात. घंटा कोणालाही 'तू हे कर' असे सांगत नाही. ती फक्त वाजते. ती वाजली की काय करायचे, हे ज्याचे त्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

संगणकाच्या पडद्यावरही अशा घंटा सतत वाजत असतात. त्यांना 'घटना' म्हणतात. अर्ज उघडला, ही एक घटना. एखाद्या चौकटीत कर्सर आला, ही दुसरी. एक कळ दाबली, ही तिसरी. चौकटीतला मजकूर बदलून आपण तिथून बाहेर पडलो, ही चौथी. अर्ज तयार करणारा माणूस यांतल्या हव्या त्या घटनेला एक छोटी आज्ञावली बांधून ठेवतो. घटना घडली की ती आज्ञावली चालते, आपले काम करते आणि पुन्हा गप्प बसते. इंग्रजीत तिला इव्हेंट हँडलर म्हणतात. आपण तिला 'प्रतिसादक' म्हणू.

या आज्ञावली ज्या भाषेत लिहितात तिला स्क्रिप्ट म्हणण्याचा प्रघात आहे. नाटकाची संहिता म्हणजेही स्क्रिप्टच. ही तुलना बरीच दूरवर चालते. विंगेत उभा असलेला नट घड्याळ पाहून रंगमंचावर येत नाही. समोरच्या नटाच्या वाक्याचा शेवटचा शब्द ऐकला की तो येतो. फरक एवढाच, की नाटकात वाक्यांचा क्रम ठरलेला असतो. अर्जात तो नसतो. भरणारा माणूस आधी पिनकोड लिहील, मग नाव लिहील, मध्येच परत मागे जाऊन पिनकोड बदलेल. कोणत्याही क्रमाने वाक्ये आली तरी प्रयोग उभा राहिला पाहिजे, अशी ही संहिता लिहावी लागते, आणि अडचणींचे मूळ बरेचसे इथेच आहे.

ही कल्पना काही नवी नाही. १९८७ साली आलेल्या हायपरकार्डमध्ये पडद्यावरच्या बटणाला अशी आज्ञावली जोडता येत असे. १९९१ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने हीच पद्धत कार्यालयातल्या अर्जांपर्यंत नेली. इंटरनेटवरच्या पानांना मात्र ही सोय सुरुवातीला नव्हती. अर्ज पूर्ण भरायचा, तो टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या संगणकाकडे पाठवायचा आणि वाट पाहायची. मग उत्तर यायचे, 'पिनकोडमध्ये पाचच आकडे आहेत.' एका आकड्यासाठी सगळा हेलपाटा. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. तीच पुढे जावास्क्रिप्ट या नावाने प्रसिद्ध झाली. सहा आकडे आहेत की पाच, एवढे पाहायला आता दूर जावे लागेना. ते काम आपल्या पुढ्यातल्या संगणकावरच होऊ लागले.

सहा आकड्यांत दडलेला पत्ता

आता ४११०३७ कडे परत येऊ. प्रतिसादक काही जादूने 'पुणे' लिहीत नाही. त्याच्यापाशी किंवा त्याच्या हाकेच्या अंतरावर एक यादी असते. ही यादी शक्य झाली ती आपल्याच एका माणसामुळे. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिनकोडची रचना केली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर लागू झाली. वेलणकर संस्कृतचे नामवंत कवीही होते. एकाच नावाची अनेक गावे, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते, वाचता न येणारे अक्षर, या सगळ्यांवर त्यांनी सहा आकड्यांचा उतारा काढला.

पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. दुसरा आकडा उपविभाग सांगतो, तिसऱ्यासह टपाल वर्गीकरणाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालयाचे. म्हणजे ४११ एवढे लिहिले तरी 'पुणे' कळते. उरलेल्या ०३७ ने आपण बिबवेवाडीला येऊन पोचतो.

पण इथे गणिताच्या शिक्षकांना एक गंमत दिसेल. पिनकोडवरून राज्य काढणे हे साधारणपणे फलन आहे, एका किमतीला एकच उत्तर. पिनकोडवरून वस्ती काढणे हे फलन नाही. ४११०३७ या क्रमांकाखाली बिबवेवाडीबरोबर मार्केट यार्डाचे टपाल कार्यालयही येते. ज्या प्रतिसादकाच्या लेखकाने हा फरक ओळखला, तो राज्याची चौकट भरून टाकतो आणि वस्तीच्या चौकटीत पर्याय देऊन थांबतो. ज्याने ओळखला नाही, तो यादीतले पहिले नाव उचलून भरतो. मग बिबवेवाडीचा रहिवासी कागदोपत्री मार्केट यार्डात राहायला जातो! त्यातून बिबवेवाडीचे इंग्रजी स्पेलिंग एकच नाही. कोणी 'व्ही' लिहितो, कोणी 'डब्ल्यू'. यादीत एक, अर्जात दुसरे, अशी स्थिती असली की संगणकाच्या दृष्टीने ती दोन गावे होतात.

आपल्यासाठी आणखी एक मुद्दा. मराठी कळफलक चालू असताना कोणी मराठी आकड्यांत पिनकोड लिहिला तर? माणसाला त्यात वावगे काही वाटणार नाही. पण संगणकात प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. इंग्रजी चाराचा क्रमांक ५२ आणि देवनागरी चाराचा २४१०. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने दुसरे चिन्ह आकडा नसून एक अक्षर आहे. म्हणून अर्ज ठसक्यात सांगतो, 'कृपया फक्त आकडे लिहा', आणि भरणारा चक्रावतो, कारण त्याने आकडेच लिहिलेले असतात. यावर उपाय एका वजाबाकीचा आहे. दोन्ही शून्यांच्या क्रमांकांत २३५८ चे अंतर आहे आणि बाकीच्या नऊ आकड्यांतही तेवढेच. चिन्हाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी आकडा मिळतो. ही एक ओळ लिहिण्याचे कष्ट न घेतलेले अर्ज आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, आणि खरे सांगायचे तर त्याचा आम्हांला राग येतो. चूक अर्जाची असते आणि ओशाळतो माणूस.

बिलाचा अर्ज

पत्त्यापेक्षा व्यापाराच्या अर्जात प्रतिसादकांचे काम अधिक दाट असते. गुलटेकडीचे मार्केट यार्ड बिबवेवाडीला लागूनच आहे आणि या बाजूला घाऊक व्यवहार करणारी दुकाने खूप. समजा, त्यांतले एक शालेय साहित्याचे आहे. तिथला मुनीम संगणकावर बिल करतो आहे. तो गिऱ्हाइकाचे नाव निवडतो, तेव्हा पत्ता आणि जीएसटी क्रमांक येतात. 'भूमितीपेटी' निवडतो, तेव्हा भाव आणि कराचा दर येतो. नग ४० असे लिहितो, तेव्हा रक्कम येते. मुनिमाने तीन गोष्टी सांगितल्या आणि दहाबारा चौकटी भरल्या.

भाव ९० रुपये धरू. चाळीस पेट्यांचे ३,६०० रुपये. कर ५ टक्के, म्हणजे १८० रुपये. एकूण ३,७८०. पण हे १८० रुपये कोणत्या चौकटीत लिहायचे? जीएसटी क्रमांक पंधरा चिन्हांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा चिन्हे त्या व्यापाऱ्याच्या पॅन क्रमांकाची. महाराष्ट्राचा आकडा २७. (शाळेच्या यू-डायस क्रमांकाच्या सुरुवातीलाही २७ च असतो. दोन्हीकडे जनगणनेतला राज्याचा क्रमांकच घेतला आहे.) गिऱ्हाइकाचा क्रमांक २७ ने सुरू होत असेल तर सर्वसाधारण व्यवहारात कराचे दोन समान भाग पडतात, ९० रुपये केंद्राचे आणि ९० राज्याचे. बेळगावच्या दुकानदाराचा क्रमांक २९ ने सुरू होतो, पणजीच्या दुकानदाराचा ३० ने. तिथे सगळे १८० रुपये एकात्मिक कर म्हणून एकाच चौकटीत जातात. गिऱ्हाईक दोन्ही वेळा ३,७८० च देते, म्हणून बिलाकडे पाहून चूक लक्षात येत नाही. ती विवरणपत्र भरताना बाहेर येते.

आता यातली खोच पाहा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे दर बदलले. भूमितीपेटीवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, वह्यांवरचा तर शून्यच झाला. दुकानदाराने यादीत नवे दर भरले. मग एक दिवस त्याने १५ सप्टेंबरचे एक जुने बिल नुसते पाहण्यासाठी उघडले. ते बिल ३,६०० अधिक ४३२, असे ४,०३२ रुपयांचे होते. पण दर आणणारा प्रतिसादक 'वस्तू निवडली' या घटनेबरोबरच 'अर्ज उघडला' या घटनेलाही बांधलेला असेल, तर बिल उघडताक्षणी दर ५ टक्के होतो आणि एकूण ३,७८०. दुकानदाराने सवयीने 'जतन करा' दाबले, की झालेला व्यवहार कागदावर २५२ रुपयांनी बदलला!

म्हणून बिलात भाव आणि दर हे त्या दिवशी होते तसेच गोठवून ठेवायचे असतात. गिऱ्हाइकाचा फोन नंबर मात्र आजचा दिसला तर चांगलेच. कोणती चौकट यादीकडे बोट दाखवणारी आणि कोणती यादीतून उतरवून घेतलेली, हा निर्णय संगणक घेऊ शकत नाही. तो त्या व्यवहाराची जाण असलेल्या माणसानेच घ्यावा लागतो. आमच्या मते अशा अर्जांच्या रचनेतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, आणि बहुतेक वेळा तो कोणी घेतलेलाच नसतो, आपोआप झालेला असतो.

उशिरा आलेले उत्तर

पिनकोडची यादी मोठी असते. ती सहसा दूरच्या संगणकावर ठेवतात आणि प्रतिसादक तिथे विचारणा करतो. प्रत्येक कळीला विचारले तर एका पिनकोडसाठी सहा विचारणा होतील. म्हणून सहा आकडे पुरे झाल्यावर एकदाच विचारणे शहाणपणाचे.

पण समजा, घाईत ४११०३० लिहिले. हा सदाशिव पेठेचा पिनकोड. लगेच चूक लक्षात आली आणि शेवटचे शून्य खोडून ७ लिहिला. विचारणा दोन गेल्या, पहिली ४११०३० ची, दुसरी ४११०३७ ची. दुसरीचे उत्तर आधी आले. पडद्यावर बिबवेवाडीचा पर्याय दिसला. मग रेंगाळत पहिलीचे उत्तर आले, आणि प्रतिसादकाने इमानेइतबारे 'सदाशिव पेठ' लिहिले. पिनकोड बरोबर, वस्ती चुकीची, आणि भरणाऱ्याचा दोष काडीचाही नाही. दोन पत्रे एकाच दिवशी टाकली तर ती त्याच क्रमाने पोचतील याची खात्री नसते, तसेच हे आहे. उपाय सोपा आहे. उत्तर हाती आल्यावर आधी पाहायचे, की ज्या पिनकोडसाठी हे विचारले होते तोच अजून चौकटीत आहे का? नसेल तर उत्तर टाकून द्यायचे.

याहून चमत्कारिक प्रकार म्हणजे एकमेकांना बांधलेल्या चौकटी. एकीत करासहित किंमत, दुसरीत कराविना. पहिली बदलली की दुसरी काढायची, दुसरी बदलली की पहिली. समजा, कर १८ टक्के आहे आणि आपण करासहित किंमत १०० रुपये लिहिली. १०० भागिले १.१८ म्हणजे ८४.७४५७..., पैशांत ८४.७५. ही दुसरी चौकट बदलली, म्हणून तिचा प्रतिसादक जागा झाला. ८४.७५ गुणिले १.१८ म्हणजे १००.००५, शाळेतल्या नियमाने १००.०१. आपण लिहिलेले १०० आपल्या डोळ्यांदेखत १००.०१ झाले! पुन्हा भागले तर ८४.७५ च येतात, म्हणून निदान इथे हा खेळ थांबतो. नेहमीच थांबेल असे नाही.

असे होईल की नाही हे साधनावर अवलंबून असते. एक्सेलच्या तक्त्यात आज्ञावलीने चौकट बदलली तरी 'बदल' ही घटना घडते, म्हणून तिथे प्रतिसादक स्वतःलाच पुन्हा पुन्हा जागे करू शकतो. वेबच्या पानावर उलट आहे. माणसाने बदलले तर घटना घडते, आज्ञावलीने बदलले तर घडत नाही. तिथे मग वेगळीच तक्रार येते. पिनकोडवरून राज्य भरले गेले, पण राज्यावरून जे पुढे भरायचे होते ते रिकामेच राहिले, कारण घंटा वाजलीच नाही.

आमची चूक

आमच्या प्रयोगशाळेत रसायनांच्या मागणीचा अर्ज आम्हीच तयार केला होता. रसायनाचे नाव निवडले की त्याचा कॅस क्रमांक, साठवणीचे तापमान आणि धोक्याचा वर्ग या तीन चौकटी भरत. कॅस क्रमांक म्हणजे प्रत्येक रासायनिक पदार्थाला दिलेला जगभर चालणारा क्रमांक. पाण्याचा ७७३२-१८-५. यातला शेवटचा ५ हा ताळ्याचा आकडा आहे. बाकीचे आकडे उजवीकडून घेऊन क्रमाने १, २, ३... ने गुणायचे: ८×१, १×२, २×३, ३×४, ७×५, ७×६. बेरीज १०५. एकक स्थानी ५, म्हणून क्रमांक बरोबर. अॅसिटोनचा ६७-६४-१ वर्गात असाच तपासून पाहता येईल. हा ताळा आमच्या प्रतिसादकात होता आणि त्याचा आम्हांला अभिमानही होता.

एका विद्यार्थिनीने अर्ज उघडला, यादीतून आधी एक साधा क्षार निवडला, मग विचार बदलून त्याच चौकटीत एका विकराचे नाव टंकित केले. हे विकर आमच्या यादीत नव्हते. प्रतिसादकाने शोधले, सापडले नाही, म्हणून काहीच केले नाही. आम्ही त्याला सांगितलेच होते, 'सापडले तर भर.' सापडले नाही तर काय, हे सांगितले नव्हते. त्यामुळे क्षाराच्या वेळी भरलेले 'सामान्य तापमान' तसेच राहिले. कॅस क्रमांकही क्षाराचाच राहिला, आणि ताळा तर त्याचाही जुळत होता.

अर्जाची प्रत भांडारात गेली. खोके आले तेव्हा तिथल्या माणसाने अर्जात पाहिले आणि ते फळीवर ठेवले. ते विकर उणे २० अंशांवर ठेवायचे होते. दोन दिवसांनी उघडले तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते. नवी बाटली यायला तीन आठवडे लागले आणि तिच्या प्रबंधातला एक प्रयोग तेवढा लांबला. ती विद्यार्थिनी मात्र आमच्याकडे येऊन म्हणाली, 'सर, चूक माझीच. मी चौकट वाचली नाही.' आम्ही पुन्हा आज्ञावली उघडून पाहिली. जुन्या चौकटी आधी रिकाम्या करण्याची एक ओळ तिथे नव्हती.

रिकामी चौकट निदान प्रश्न तरी विचारते. भरलेली चौकट विचारत नाही. आणि आपल्या हाताने भरलेल्या चौकटीवर आपण जेवढा संशय घेतो, तेवढाही आपोआप भरलेल्या चौकटीवर घेत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज

शिक्षकांच्या कामाचे एक उदाहरण याच जातीचे आहे. विद्यार्थ्याच्या बँक खात्याची माहिती भरताना आयएफएससी हा अकरा चिन्हांचा संकेत लिहितात. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह शून्य, पुढची सहा शाखेची. तो लिहिताच बँकेचे आणि शाखेचे नाव समोर येते. मुलाचे पालक 'हो, हीच शाखा' म्हणतात आणि सगळ्यांना हायसे वाटते. पण प्रतिसादकाने फक्त संकेत तपासलेला असतो. त्याच्या खालच्या चौकटीतला खाते क्रमांक त्याने पाहिलेलाही नसतो. शाखा बरोबर आली म्हणजे खाते बरोबर, असे मुळीच नाही. एनईएफटीने पैसे पाठवले जात तेव्हा ते खाते क्रमांकावरून जमा होत, नाव जुळते की नाही हे पाहणे पाठवणाऱ्याची जबाबदारी असे. पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत करावी, असे रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात सांगितले.

शिवाय यादी जुनी होते ती वेगळीच. देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि १ मार्च २०२१ पासून त्यांचे जुने संकेत बंद झाले. ज्या अर्जाच्या यादीत ते तसेच राहिले असतील, तो अर्ज जुन्या शाखेचे नाव तत्परतेने दाखवील. म्हणून खाते क्रमांक पासबुकावरून एकाने वाचावा आणि दुसऱ्याने पडद्यावर पाहावा, ही जुनी कार्यालयीन रीत आम्हांला अजून सर्वांत भरवशाची वाटते.

वर्गात करून पाहा

हे सगळे संगणकाशिवाय दाखवता येते. सात मुले घ्या. सहाजण चौकटी: गिऱ्हाईक, वस्तू, नग, भाव, कराचा दर, एकूण. प्रत्येकाच्या हातात पाटी. सातवा मुलगा मुनीम. तो फक्त पहिल्या तिघांच्या पाट्यांवर लिहू शकतो. बाकीच्या तिघांना एकेक चिठ्ठी द्या. 'वस्तूची पाटी बदलली की यादीत पाहून भाव लिही.' 'वस्तूची पाटी बदलली की यादीत पाहून दर लिही.' 'नग, भाव किंवा दर बदलला की एकूण लिही.' बोलायचे नाही, चिठ्ठीबाहेरचे काही करायचे नाही.

पहिले बिल नीट होईल. मग मुनिमाला गुपचूप सांगा, की आता यादीत नसलेली वस्तू लिही. 'भाव' आणि 'दर' झालेली मुले गोंधळून एकमेकांकडे पाहतील आणि चिठ्ठीप्रमाणे काहीच करणार नाहीत. 'एकूण' झालेली मुलगी जुनीच रक्कम धरून शांत उभी राहील. वर्गातले कोणीतरी ओरडेलच, 'अगं, पुस!' त्याला विचारा, पुसायला चिठ्ठीत कुठे सांगितले आहे? मग चिठ्ठीत काय जोडायचे ते मुलांनाच लिहू द्या. सहावी-सातवीतली मुलेही हे बिनचूक लिहितात, असा आमचा अनुभव आहे.

नंतर 'भाव'च्या मुलाला यादी पाहायला बाहेर व्हरांड्यात पाठवा आणि तो परत येण्याआधी मुनिमाला वस्तू बदलायला सांगा. सदाशिव पेठेची गोष्ट मुलांना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

प्रयोगशाळेतला आमचा अर्ज आता बदलला आहे. नाव बदलताच खालच्या तिन्ही चौकटी आधी रिकाम्या होतात. आपोआप भरलेली चौकट फिकट पिवळी दिसते, हाताने भरलेली पांढरी, आणि हाताने लिहिलेल्या मजकुरावर प्रतिसादक पुन्हा लिहीत नाही. साठवणीच्या तापमानाची चौकट मात्र आम्ही मुद्दाम आपोआप भरायची बंद केली. बाटलीवरचे किंवा सूचीतले तापमान वाचून ते स्वतः लिहावे लागते. विद्यार्थी कुरकुरतात. भांडारातला माणूस आता खोके घेताना अर्जाबरोबर खोक्यावरची चिठ्ठीही वाचतो. ते त्याला आम्ही सांगितलेले नाही.